पाण्याची गाळणी आणि कार्बनच्या नळ्या

हंड्याच्या तोंडाला फडकें बांधून पाणी गाळण्याची चाल आपल्या घरांतून फार जुनी आहे. फडक्यानें काडीकचरा अडतो. रोगजंतु अडत नाहींत, कारण कापडाचीं छिद्रें त्यांच्या मानानें वेशीएवढीं मोठीं! जंतूंनाहि अडवील असें सूक्ष्म छिद्रांचें फडकें रसायनशास्त्र आज पॉलिसल्फोनसारख्या पॉलिमर द्रव्यांपासून तयार करतें. त्यास पटल म्हणतात. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. या पटलांचीं छिद्रें कांहीं थोड्या नॅनोमीटरांपासून सुमारें १०० नॅनोमीटरांपर्यंत असतात.

पटल कामाचें खरें. पण त्याला दोन खोडी आहेत. छिद्र जितकें बारीक, तितकें पाणी मंद. म्हणून दाब द्यावा लागतो व शक्ति खर्च होते. शिवाय पॉलिसल्फोनला पाण्याची आवड नाहीं. तेलकट व सेंद्रिय मळ त्याला चटकन् चिकटतो आणि छिद्रें बुजतात.

यावर उपाय म्हणून कार्बनच्या नळ्या पुढें आल्या. १९९१ सालीं जपानांतील सुमिओ इजिमा यांनीं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें पाहिलेल्या अशा नळ्यांचें वर्णन प्रसिद्ध केलें. ग्रॅफाइटचा एकेक थर चटईसारखा गुंडाळावा, तशी त्यांची रचना. २००६ सालीं अमेरिकेंतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेंत असें आढळलें कीं, २ नॅनोमीटरांहून अरुंद नळ्यांतून पाणी नेहमींच्या गणितापेक्षां हजार पटींहून अधिक वाहतें.

मग या नळ्या पॉलिमरांत टाकल्या कीं काम झालें, असें कोणासहि वाटेल. तसें होत नाहीं. कोऱ्या नळ्या एकमेकींना बिलगतात. पिठल्यांत गुठळ्या व्हाव्या, तसे त्यांचे पुंजके होतात. आणि पुंजका राहील तेथें पटल दुबळें. म्हणून त्यांच्यावर आधीं संस्कार करावा लागतो. नत्राम्ल व गंधकाम्ल यांच्या मिश्रणांत त्या तापवितात. त्यामुळें त्यांच्या अंगावर ऑक्सिजनयुक्त कार्बॉक्सिल गट बसतात, पाण्याशीं त्यांचें सूत जुळतें व द्रावणांत त्या एकसारख्या पसरतात. हें द्रावण कांचेवर पातळ पसरून पाण्यांत बुडविलें, म्हणजे द्रावक निघून जातो आणि सच्छिद्र पटल मागें राहतें. त्याच्या पृष्ठभागास आतां पाण्याची ओढ असते. पाणी अधिक झिरपतें व मळ कमी चिकटतो.

येथें एक गैरसमज टाळला पाहिजे. लिव्हरमोरच्या प्रयोगांत नळ्या उभ्या, आरपार बसविलेल्या होत्या. मिश्र पटलांत त्या आडव्यातिडव्या पडतात. पाणी मुख्यतः त्यांच्या पोटांतून नव्हे, तर पटलाच्या सुधारलेल्या छिद्रांतून जातें. हजार पटींचा हिशेब येथें लागू नाहीं.

प्रमाणहि सांभाळावें लागतें. २००६ सालीं कोरियांतील संशोधकांनीं पॉलिसल्फोनमध्यें नळ्या मिसळल्या. शेंकडा दीड भागापर्यंत छिद्रें मोठीं होत गेलीं, पुढें लहान होऊं लागलीं. शेंकडा चार भागांवर तीं मूळ पटलाहूनहि लहान भरलीं.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुरक्षिततेची. २००८ सालीं एडिंबरा येथील संशोधकांनीं उंदरांच्या उदरपोकळींत लांब नळ्या सोडल्या, तेव्हां अ‍ॅस्बेस्टॉससारखा दाह झाला. म्हणून पटलांतून नळी सुटून पेल्यांत येत नाहीं, याची खात्री दीर्घ वापरानंतरहि पटली पाहिजे. घरगुती गाळणीवर ‘कार्बन’ हा शब्द दिसला, तर तो बहुधा सक्रिय कोळसा असतो, या नळ्या नव्हेत, हेंहि गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. गाळणीचें पहिलें कर्तव्य पाण्यांतील घाण काढण्याचें. तिनें स्वतःची भर त्यांत घालूं नये.