योजना वाईट वर्षासाठी हवी

एप्रिल २०१६ची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातूर शहरात पाण्यावरून मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून टाक्यांच्या परिसरात जमावबंदी लावावी लागली होती. मग मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यात पाणी होतं पाच लाख लिटर.

त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९मध्ये, जिथून ते पाणी निघालं त्याच सांगली-मिरज भागात कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. गल्लीगल्लीत पाणी आणि नळ मात्र कोरडे! कारण नदीतून पाणी उचलणारे पंप आणि त्यांची वीजयंत्रणाच पुरात सापडली की नळाला पाणी येणार कुठून? लातूरची तहान भागवणाऱ्या भागावरच बाहेरून येणाऱ्या पाण्याची वाट पाहायची वेळ आली.

या दोन घटना मी मुद्दाम शेजारी ठेवतो आहे. दुष्काळ आणि पूर ही दोन टोकं आहेत असं आपण म्हणतो. पण दोन्हींत पहिला घाव बसतो तो पिण्याच्या पाण्यावर आणि त्यापाठोपाठ शौचालयावर. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचा समावेश असलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीनं वाढल्या, असं त्यात दिसून आलं. म्हणजे पाऊस चार महिने शहाण्यासारखा पडेल, हा हिशेब आता धरता येत नाही. तरीही आपल्या बहुतेक योजना सरासरी पावसावर बेतलेल्या असतात. माझं म्हणणं एवढंच आहे, की पाण्याची आणि शौचालयाची योजना सरासरी वर्षासाठी नको, वाईट वर्षासाठी आखायला हवी.

पाणीपुरवठ्याच्या कामात माझी तीसेक वर्षं गेली. बीड जिल्ह्यातल्या एका वस्तीवर उन्हाळ्यात गेलो होतो. घराला लागून नीट बांधलेलं शौचालय होतं. दार उघडलं तर आत सरपण आणि कडबा. मी मावशींना विचारलं, हे असं का? त्या म्हणाल्या, "साहेब, टँकरचं पाणी. एक हंडा भाकरीला ठिवू का हितं वतू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. २०१८ साली राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला, आणि शौचालयं बांधली गेली हे खरंच मोठं काम झालं. पण भांड्यात ओतायला पाणी नसेल तर त्या चार भिंतींचं कोठार होतं आणि बाई पुन्हा अंधाराची वाट पाहते. बाहेर जावं लागू नये म्हणून पाणीच कमी पिते. त्यातून मूत्रमार्गाचे आजार होतात, ते ती कोणाला सांगत नाही.

यावर उपाय आहे आणि तो महागही नाही. शहरी पद्धतीच्या शौचालयाला एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी लागतं. तीव्र उताराचं ग्रामीण भांडं बसवलं तर दीड-दोन लिटरमध्ये भागतं. पाच माणसांच्या घरात रोजचा फरक हा एक हंडा आणि चार हंडे एवढा आहे. शिवाय दोन शोषखड्डे असले, की एक भरल्यावर दुसरा सुरू करायचा. पहिल्यातल्या मैल्याचं पुढं खत होतं. मात्र पूररेषेतल्या गावात हेच शौचालय जसंच्या तसं बांधलं तर खड्डे पुरात भरतात आणि घाण विहिरीत उतरते. तिथं जोतं उंच हवं, खड्ड्यांचं तोंड पुराच्या खुणेच्या वर हवं आणि विहिरीपासून अंतर राखायला हवं. एकच नकाशा सगळ्या राज्याला चालत नाही.

पाण्याचंही तसंच आहे. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भूभाग बेसाल्टचा, आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात पाणी भेगांमध्ये आणि झिजलेल्या थरातच साठतं. शेजारच्या शेतात खोल बोअर पडलं, की गावाच्या विहिरीचा झरा आटू शकतो. म्हणूनच १९९३च्या कायद्यानं सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर घ्यायला बंदी घातली. हा नियम किती गावांत कोणी मोजपट्टी लावून पाहिला, हे आपण आपल्याच गावाला विचारावं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची सवय लावली. पाऊस किती झाला ते मोजायचं, पिण्याचं पाणी आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यावर पिकं ठरवायची. पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी हे करून दाखवलं. त्यात यंत्रापेक्षा शिस्तीचा भाग मोठा आहे.

वाईट वर्षातून शिकणं आपल्याला नवीन नाही. १९७२च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी झाल्या, पण हातपंप वारंवार मोडत. तेव्हा सोलापूरला तयार झालेल्या दणकट पंपाचा आधार घेऊन 'इंडिया मार्क टू' हा हातपंप घडवला गेला, आणि तो पुढं अनेक देशांत गेला. आज घरोघरी नळ आले, तसा हातपंप अडगळीत पडतो आहे. माझी विनंती आहे, तो काढू नका. वीज गेली, मोटार जळली, पूर आला, तर उंच ओट्यावरचा हातपंपच गावाला तारतो. पूर ओसरल्यावर मात्र त्याचं निर्जंतुकीकरण आणि पाण्याची तपासणी झाल्याशिवाय ते पाणी पिऊ नका.

आता सगळ्यांत शेवटी मोजल्या जाणाऱ्या माणसांबद्दल. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या फडांजवळ कोप्या घालून राहतात. गावी पाणी नाही म्हणून निघालेली बाई कालव्याकाठी उसाच्या रानात राहते, पण तिला ना नळ मिळतो ना शौचालय. जलजीवन मिशननं २०१९पासून माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलं. पण ते माप गावातल्या घराला आहे. चार-पाच महिने जो कोपीत राहतो, त्याचे ५५ लिटर कोणत्या गावाच्या वहीत धरायचे? ज्या गावच्या शिवारात तो राबतो, त्या गावानं आणि ज्या कारखान्याचा ऊस तो तोडतो, त्या कारखान्यानं मिळून ही सोय करायला हवी. हे उपकार नव्हेत. पाणी आणि स्वच्छता हा माणसाचा हक्क आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं २०१० साली मान्य केलं आहे.

श्रोतेहो, आपल्याकडून काय होऊ शकतं? येत्या ग्रामसभेत उठून एक प्रश्न विचारा: आपल्या गावच्या सगळ्यांत वाईट वर्षी पाणी कुठवर आलं होतं, किंवा कुठवर आटलं होतं? ती खूण शाळेच्या भिंतीवर आणि विहिरीच्या कठड्यावर रंगवून घ्या. पंपाचं विजेचं पॅनेल त्या खुणेच्या वर आहे का? दुसरा उद्भव आहे का? जलसुरक्षकाकडे टीसीएल पावडर शिल्लक आहे का? शेवटच्या वस्तीच्या नळाला पाणी पोचतं का? उत्तरं इतिवृत्तात लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेत ती पुन्हा वाचून दाखवायला सांगा.

रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ही आपल्या कार्यक्षमतेची गोष्ट म्हणून आपण सांगतो. ती आहेच. पण त्या मावशींच्या दारात रेल्वे जात नाही. त्यांच्यासाठी दोन लिटरमध्ये भागणारं भांडं, जवळचा हातपंप आणि पिण्यासाठी राखून ठेवलेली एक विहीर, एवढं चांगल्या वर्षातच तयार हवं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)