अंगठ्याखालची हालचाल

मोबाइलवरची यादी अंगठ्याने खाली ओढली, की वर एक छोटंसं चक्र फिरतं आणि नवा मजकूर येतो. ही युक्ती लॉरेन ब्रिक्टर या अमेरिकी प्रोग्रामरची. त्याने ती ‘ट्वीटी’ या ॲपमध्ये आणली आणि २०१० मध्ये ट्विटरने ते ॲपच विकत घेतलं. चक्र फिरलं, म्हणजे आपलं सांगणं पोचलं, काम सुरू आहे. ते नसतं तर आपण उगाच पुन्हा पुन्हा बोट आपटत बसलो असतो.

२०१५ मध्ये ट्विटरने पसंतीच्या बटणावरची चांदणी काढून तिथे बदाम आणला. दाबला की तो टपकन फुलतो, भोवती रंगीत ठिपके उडतात आणि क्षणात सगळं शांत. यात माहिती थोडी, लाडीगोडीच जास्त! आपोआप सुरू होणारे व्हिडिओ तर सरळसरळ लक्ष पळवण्यासाठीच असतात.

पण काहींना अशा हालचालींनी गरगरतं, मळमळतं. २०१३ मध्ये आयफोनचं रूप पालटलं, तेव्हा तशा तक्रारी आल्याच होत्या. तुम्हालाही असा त्रास होत असेल, तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा आणि ॲनिमेशन कमी करून टाका.