सहलीला मी का आले नाही
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्या मंडळात आजवर पाककलेवर, आरोग्यावर, मुलांच्या अभ्यासावर अनेक जाणत्या बायकांची भाषणे झाली. मी काही तशी जाणती नव्हे. पतपेढीत कारकुनी करणारी आणि घरचे चार जणांचे पाहणारी एक बाई. म्हणून चिटणीसबाईंनी बोलण्याचा आग्रह केला तेव्हा ठरवले, की आपल्या हातून जे घडले तेच सांगावे.

हिवाळ्यातल्या सहलीला मी नव्हते. तुम्ही आपुलकीने कारण विचारलेत आणि मी "बरे नव्हते" असे सांगितले. ते खोटे होते. मला काहीही झालेले नव्हते. सहलीच्या वर्गणीसाठी बाजूला ठेवलेले हजार रुपये मी दंडात भरले होते. गाडी वेगाने हाकल्याबद्दलचा दंड! सांगायची लाज वाटली. आज ती लाज बाजूला ठेवते.

त्याचे असे झाले. सकाळी नळाला पाणी उशिरा आले. पाणी भरणे, चार डबे, धाकटीची वेणी, सासूबाईंचे औषध, या सगळ्यांत दहा वाजायला आले. आमच्या कचेरीत यंत्रावर अंगठा टेकून हजेरी द्यावी लागते. ते यंत्र कोणाची अडचण ऐकून घेत नाही. तीन दिवस उशीर झाला, की अर्ध्या दिवसाची रजा कापली जाते. माझे दोन उशीर त्या महिन्यात आधीच झाले होते. स्कूटर काढली आणि निघाले. शाळेपुढच्या सरळ रस्त्यावर 40 ची पाटी आहे. ती मी रोज पाहते, म्हणजे खरे तर पाहत नाही. देवघरातली तसबीर जशी रोज समोर असून दिसत नाही, तसेच ते. त्या दिवशी काटा साठीच्या जवळ होता.

यजमान मात्र चार दिवसांनी जेवताना म्हणाले, "अहो, माझ्या नावावर दंड आलाय. मी तर त्या रस्त्याने गेलोच नाही." स्कूटर त्यांच्या नावावर आहे. यंत्राला चालवणारा कोण ते कळत नाही, गाडीचा नंबर तेवढा कळतो. म्हणून पहिली सूचना मालकाकडे जाते, आणि गाडी कोण चालवत होते हे विचारल्यावर मालकाने सांगितले पाहिजे, असा कायदाच आहे. ते म्हणाले, "असू दे, मी भरून टाकतो." मी म्हटले, "चूक माझी, पैसेही माझेच." वर्गणीचे पैसे कामी आले ते असे.

परंतु पैशांपेक्षा वेगळीच गोष्ट मनाला लागली. दंडाच्या सूचनेबरोबर छायाचित्र येते. ते मोबाईलवर मोठे करून पाहिले. मी दिसत होते, हँडलला लटकवलेली डब्याची पिशवी दिसत होती, खाली वेग लिहिलेला होता, 58. आणि चित्राच्या कडेला, रस्त्याच्या काठावर दोन मुले उभी होती. मोठीने धाकट्याचा हात धरला होता आणि दोघे रस्ता ओलांडायला थांबली होती. मैत्रिणींनो, मी त्या दिवशी ती मुले पाहिलीच नव्हती. कितीही आठवले तरी ती मला आठवत नाहीत. यंत्राने पाहिली आणि मी पाहिली नाहीत.

त्या रात्री मी धाकटीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. तो सरळ रस्ता 4 किलोमीटरचा. ताशी 40 च्या वेगाने गेले तर 6 मिनिटे लागतात, 60 ने गेले तर 4. म्हणजे मी दोन मिनिटे वाचवली, आणि ती पुढच्या चौकात तांबड्या दिव्यापुढे उभी राहून घालवली. आता दुसरी बाजू पाहा. समोर मूल आले हे ध्यानात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातोच. तेवढ्यात 40 च्या वेगाने गाडी 11 मीटर पुढे जाते, 60 ने जवळजवळ 17 मीटर. त्यानंतर ब्रेक लागून थांबायला जे अंतर लागते, ते वेग दीडपट झाला म्हणून दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. हे शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिले होते, आणि विसरले होते.

दंडाची गोष्ट तशी जुनी आहे. 1896 साली इंग्लंडातील केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थांनी ताशी आठ मैलांनी मोटार हाकली. मर्यादा होती दोन मैलांची! पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना गाठले आणि त्यांना एक शिलिंग दंड झाला. आता शिपायाला धावावे लागत नाही, एवढाच फरक. आपल्याकडे 1988 च्या मोटार वाहन कायद्यात 2019 साली दुरुस्ती झाली. तीनुसार हलक्या वाहनाला अतिवेगासाठी 1000 ते 2000 रुपये आणि मध्यम व जड वाहनाला 2000 ते 4000 रुपये दंड आहे. पुन्हा तोच गुन्हा घडला तर परवाना काढून घेण्याची तरतूद आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते, कारण अशी सूचना उद्या तुमच्याही घरी येईल.

पहिली, घाबरू नका आणि लगेच पैसेही भरू नका. आधी नंबर, तारीख, ठिकाण आणि छायाचित्र नीट पाहा. आमच्या शेजारच्या काकूंच्या स्कूटरवर असाच दंड आला होता. चित्रात होती भलतीच मोटारसायकल, नंबरातला एक आकडा चुकीचा वाचला गेला होता. काकूंनी आपल्या गाडीचे छायाचित्र आणि कागद जोडून तक्रार केली आणि दंड रद्द झाला. 2021 साली आलेल्या नियमांत असेही आहे, की जेथे असे यंत्र लावायचे तेथे वाहनचालकांना आधी कळेल अशी पाटी हवी आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत पाठवली पाहिजे. चूक नसेल तर तक्रार करणे हा आपला हक्क आहे, त्यात भांडखोरपणा नाही.

दुसरी, निरोप खरा की खोटा ते पाहा. दंडाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून बँकेतले पैसे लुबाडणारे पुष्कळ झाले आहेत. तशी फाइल उघडू नका. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असते. तेथे स्वतः जाऊन गाडीचा नंबर घालून पाहावे. फसवणूक झालीच तर 1930 या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

तिसरी, चूक असेल तर दंड भरून मोकळे व्हा. साठवून ठेवलेले दंड वाढत्या कर्जासारखे मनावर बसतात. काही प्रकरणे लोकअदालतीतही मिटवली जातात, पण त्या आशेवर वेग वाढवू नये.

चौथी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. वेगाचा गुन्हा रस्त्यावर नोंदला जातो, पण तो सुरू होतो पहाटे, आपल्या स्वयंपाकघरात. घरातल्या पाच माणसांची घाई एकट्या बाईच्या पदरी पडते आणि ती घाई घेऊन ती रस्त्यावर येते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. त्या दोन मुलांपुढे माझी कसलीही सबब चालली नसती. पण चूक कबूल केल्यावर तिचे मूळही शोधावे ना!

मी ते छायाचित्र घरात सर्वांना दाखवले. सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासून डबे मी भरीन. बसून करायचे काम आहे." यजमान धाकटीची वेणी घालायला शिकले. पहिले आठ दिवस ती वेणी पाहून शाळेत हसू झाले, आता बरी घालतात. मोठा मुलगा पाणी भरतो. मी पंधरा मिनिटे आधी निघते. तरीही एकदा उशीर झालाच. अर्ध्या दिवसाची रजा कापली गेली. कापली तर कापली. त्या दिवशी शाळेपुढे मी चाळीसच्या आत होते, आणि रस्त्याच्या कडेला कोण कोण उभे होते ते मला आज नावानिशी नाही तरी चेहऱ्यानिशी सांगता येईल.

पुढच्या सहलीची वर्गणी मी आजच चिटणीसबाईंकडे देऊन ठेवते, म्हणजे ती दुसरीकडे जायला नको. येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजणी गाडी चालवतात. त्यांना एवढीच विनंती, की उद्या सकाळी त्या पाटीकडे एकदा खरोखर पाहा.