बुंद, कावा आणि जायफळाची कॉफी



भिवपुरी रोड स्टेशनावर उतरलो आणि पहिला वास आला तो उकळत्या चहाचा. नेरळला चहा, कर्जतला वडा आणि चहा, घाटाखालच्या पाड्यात गेलो तर गुळाचा कोरा चहा. अशा मुलखात येऊन कॉफीवर बोलावयाचे म्हणजे कोकणात जाऊन गव्हाच्या पोळीची थोरवी सांगण्यासारखे आहे. तरीही हा विषय मी निवडला, त्यास एक लहानसे निमित्त घडले.

काही महिन्यांपूर्वी एका शहरात नव्या धर्तीच्या कॉफीगृहात मला नेण्यात आले. तेथील तरुण मोठा मन लावून काम करीत होता. दाणे तराजूवर तोलून घेई, पाण्याची उष्णता मोजी, घड्याळ लावून पाणी ओती. त्याचे ते कौशल्य पाहून मी सहज विचारले, "बाबा रे, यात थोडे जायफळ किसून मिळेल का?" तो हसला आणि अदबीने म्हणाला, "काका, ते जायफळाचे गोड दूध असते. ती कॉफी नव्हे."

मला राग आला नाही. पण प्रश्न मात्र डोक्यात राहिला. आपल्या आया-आज्यांनी मंगळागौरीच्या जागरणाला, मुलांच्या परीक्षेच्या रात्री, पाहुणा अवेळी आला म्हणजे, जी दाट, गोड, वेलची-जायफळाची कॉफी केली ती कॉफी नव्हती काय? मग कॉफी म्हणावयाचे तरी कशाला?

प्रथम शब्दांपासून सुरुवात करू. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत आणि पेयाला 'कावा'. हे दोन्ही शब्द अरबीतून आले आहेत : दाणा तो 'बुन्न', पेय ते 'कहवा'. म्हणजे इंग्रजांची 'कॉफी' आपल्या जिभेवर बसण्यापूर्वीच अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर हा दाणा पश्चिम किनाऱ्याला ओळखीचा झालेला होता.

या झाडाचे माहेर इथिओपिया. तेथे आजही पाहुणा घरी आला की घरची स्त्री त्याच्यासमोर हिरवे दाणे तव्यावर भाजते, त्या धुराचा वास पाहुण्याला घ्यावयास देते, मग उखळात कुटून मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळते. त्याच चोथ्यावर पुन्हा पाणी घालून तीन वेळा कप भरले जातात. पहिला सर्वांत कडक, तिसरा सर्वांत सौम्य. आणि त्या तिसऱ्याचे नाव 'बरका', म्हणजे आशीर्वाद. तो घेण्यापूर्वी उठणे शिष्टाचाराला धरून होत नाही. घाईच्या माणसाने इथिओपियात कोणाकडे कॉफीला जाऊ नये हे उत्तम.

इथिओपियातून समुद्र ओलांडून दाणा येमेनमध्ये गेला. तेथे पंधराव्या शतकात सूफी साधक रात्रीच्या नामस्मरणात झोप येऊ नये म्हणून ही कॉफी पीत. हे वाचले तेव्हा मी क्षणभर थांबलो. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा-फुगड्यांच्या मध्ये, डोळे मिटू लागले म्हणजे आमच्या घरातील बायका जी कॉफी करीत, ती जागरणासाठीच असे. सूफींचे नाव त्यांनी ऐकलेही नसेल. पण कॉफीचा जो इतिहासाला ठाऊक असलेला पहिला उपयोग, तोच त्या करीत होत्या.

अरबस्तानात आजही कॉफी हलकी भाजतात, तीत वेलची भरपूर घालतात आणि साखर मुळीच नाही. कान नसलेल्या लहान वाटीत ती थोडी थोडी ओततात. पुरे झाली की वाटी बोटांत किंचित हलवावयाची. न हलवाल तर यजमान ओततच राहतो. तुर्कस्तानात दाणे पिठासारखे बारीक दळून, साखर आधीच घालून, लांब दांड्याच्या लहान भांड्यात फेस येईपर्यंत तापवतात आणि चोथ्यासकट कपात ओततात. व्हिएतनाममध्ये कपावर गाळणीचे भांडे ठेवून कॉफी थेंबाथेंबाने आटवलेल्या गोड दुधावर पाडतात. हानोईत तर १९४६ साली, दुधाची टंचाई असताना, अंड्याचा बलक फेटून घालण्याची युक्ती निघाली आणि तीच त्या गावाची ख्याती झाली. मग वेलचीवाला अरब, साखरवाला तुर्क, अंडेवाला हानोईकर हे सारे कॉफी पिणारे, आणि जायफळवाला मराठी माणूस तेवढा दूध पिणारा, हा न्याय कुठला?

कोणी म्हणेल, जायफळ तरी आपले कुठे? खरे आहे. ते मूळचे बांदा बेटांवरचे. पण कर्जतच्या वड्यातला बटाटा आणि मिरची ही दोन्ही अमेरिकेतून आलेली. म्हणून वड्याला कोणी परदेशी पदार्थ म्हटल्याचे मी ऐकले नाही.

तथापि त्या तरुणाचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते हेही कबूल केले पाहिजे. आपल्या घरी कॉफी बिघडत असे, आणि ती जायफळाने नव्हे. दळलेली पूड महिनोन्महिने डब्यात राही, तिचा वास उडून जाई. मग ती दुधात घालून पाच-दहा मिनिटे खळाखळा उकळावयाची. कित्येक घरांत तर साखरेत घोळलेल्या कॉफीच्या वड्या असत. वडी दुधात टाकली की झाले. कॉफीच्या दाण्यात सुगंध प्रथम सुटतो, गोडी आणि आंबटपणा मागोमाग, आणि कडवटपणा सर्वांत शेवटी. उकळत राहिले म्हणजे सुगंध वाफेबरोबर जातो आणि कडवटपणा तेवढा पेयात उतरतो. म्हणून जाणकार पाणी उकळीच्या किंचित खाली, ९० ते ९६ अंशांवर ठेवतात. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली पितळी भांड्याच्या बुडाला भोके पाडून त्यावर मुलाच्या वहीचा टीपकागद घातला, तो याच त्रासापायी. गाळणकागदाचा सारा जागतिक धंदा त्या टीपकागदातून निघाला.

दुसरा मार्ग दाबाचा. तो भिवपुरीच्या मंडळींना समजावून सांगण्याची गरज नाही, कारण १९२२ पासून तुमच्या डोळ्यांसमोर तो चालू आहे. वर मावळात आंध्रा नदीचे पाणी ठोकरवाडीला अडवले आहे. ते घाटावरून सुमारे ५०० मीटर खाली तुमच्या वीजघरात कोसळते आणि त्या जोरावर चक्रे फिरतात. इटलीतील एस्प्रेसो यंत्रात तत्त्व हेच : बारीक दळलेल्या, दाबून बसवलेल्या पुडीतून गरम पाणी जोराने रेटावयाचे. ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखाली जेवढा दाब असतो, तेवढा, म्हणजे हवेच्या दाबाच्या नऊपट दाब त्या यंत्रात असतो. अर्ध्या मिनिटाच्या आत पळीभर दाट अर्क कपात उतरतो. तुरीनच्या मोरिओंदोने १८८४ साली वाफेवर चालणाऱ्या अशा यंत्राचा हक्क नोंदवला, मिलानच्या बेझ्झेराने १९०१ साली ते सुधारले; पण वरची ती तांबूस साय यावयास दुसऱ्या महायुद्धानंतरचे गाज्जिया यांचे तरफेचे यंत्र यावे लागले. तुमच्या नळाचा दाब याच्या पाचपटीहून अधिक आहे, हे इटालियनांना सांगावयास हरकत नाही.

दाबाशिवाय, घाईशिवाय आणि तरीही दाट अर्क काढण्याची विद्या मात्र आपल्या दक्षिणेची आहे. हिंदुस्थानात कॉफी आली ती बाबा बुदन या सूफी फकिराबरोबर, अशी परंपरा आहे. सतराव्या शतकात त्यांनी येमेनहून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावले. तो डोंगर त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज देशातील कॉफीपैकी सुमारे ७० टक्के कर्नाटकात पिकते. आपल्या महाराष्ट्रातही अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला इंग्रजी अमदानीत लावलेली कॉफी अजून फळते. उत्पन्न थोडे, पण सातपुड्याच्या अंगावर कॉफीचे पांढरे फूल पाहावयास मिळते हे पुष्कळांना ठाऊक नसते.

दक्षिणेतील घरगुती कॉफी पाहावयाची तर मराठी माणसाने तंजावरास जावे. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर गेलेल्या कुटुंबांचे वंशज तेथे अजून घरात आपली मराठी बोलतात आणि सकाळी पितळेच्या दोनमजली भांड्यात कॉफी गाळतात. वरच्या भांड्यात पूड, तीवर गरम पाणी. खाली थेंब थेंब अर्क. मग ताजे तापवलेले दूध, आणि पेला व डबरा यांच्यात उंचावरून ओतून आणलेला फेस. ही काही भोसल्यांच्या राज्यातील रीत नव्हे. ते राज्य १८५५ साली खालसा झाले, आणि तमिळ मध्यमवर्गाच्या घरात कॉफी रुजली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. बोली सातारा-पुण्याची आणि कॉफी कावेरीकाठची, असा तो संसार आहे.

आपल्याकडे मुंबईत कॉफी घरोघर गेली ती निराळ्या वाटेने. पेस्तनजी एदलजी दलाल यांचे 'पोल्सन' हे नाव आपण लोण्याशी जोडतो, 'पोल्सन लावणे' म्हणजे खुशामत करणे हा वाक्प्रचारही त्यातूनच आला. पण पोल्सनने प्रथम विकली ती कॉफी, चिकोरी मिसळलेली. चिकोरी हे एक भाजलेले मूळ. नेपोलियनच्या नाकेबंदीत युरोपला कॉफी मिळेनाशी झाली तेव्हा ते लोकांच्या पेल्यात शिरले आणि पुढे चवीखातर राहिले.

कॉफी जिथे गेली तिथे राज्यकर्त्यांनी तिची धास्ती घेतली. मक्केत १५११ साली खैर बेगने तिच्यावर बंदी घातली. लंडनमध्ये दुसऱ्या चार्ल्सने १६७५ च्या डिसेंबरात कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला आणि लोकक्षोभामुळे दहा-अकरा दिवसांत मागे घेतला. भीती पेयाची नव्हती. एका पेनीत कोणीही कोणाच्या शेजारी बसून बोलू लागला, याची होती. अर्थात 'कोणीही' म्हणजे पुरुष. बायकांना त्या बाकांवर जागा नव्हती.

शेजारी बसण्याचा हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याच जिल्ह्यात, त्या वेळच्या कुलाब्यात, महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांना ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. जेथे पाण्याची ही कथा, तेथे कॉफीची काय सांगावी? मद्रासमध्ये उपाहारगृहाच्या पाटीवरील 'ब्राह्मण' या शब्दाविरुद्ध पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना १९५७ साली महिनोन्महिने निदर्शने करावी लागली. त्याच वर्षी दुसरीकडे एक चांगली गोष्ट घडली. कॉफी खपावी म्हणून १९३६ साली मुंबईत चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस निघाले होते. पुढे कॉफी बोर्डाने ही दुकाने बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रोत्साहनाने कामगारांनी १९५७ पासून सहकारी संस्था काढून ती स्वतः चालवली. त्यांपैकी कित्येक आजही चालू आहेत. कप भरणारा आणि दुकानाचा मालक एकच, असे जगात फार ठिकाणी आढळत नाही.

आता घरच्या कॉफीकडे परत येतो. एरवी ज्या घरात करणारीच्या वाट्याला पातेल्याच्या तळचे तेवढे येई, त्याच घरात मंगळागौरीच्या रात्री बायका रिंगण करून बसत आणि कॉफी आधी स्वतः घेत. लंडनच्या बाकावर जी जागा मिळाली नाही, ती त्यांनी आपल्या माजघरात एका रात्रीपुरती का होईना मिळवली होती. त्या तरुणाला मी हे सांगावयास हवे होते. त्या वेळी सुचले नाही.

करून पाहावयाची असेल त्यांनी इतके करावे. पूड थोडी आणि ताजी आणावी, पंधरा दिवसांत संपेल एवढीच. दूध साखरेसह वेगळे उकळावे. पूड वेगळ्या भांड्यात, उकळी बसलेल्या थोड्या पाण्यात चार मिनिटे झाकून ठेवावी आणि फडक्यातून गाळावी. दोन्ही एकत्र करून भांडे खाली उतरल्यावरच जायफळ किसावे, दोन घास किसणीवर फिरवले की पुरे. जास्त झाले तर जागरणाला उपयोग नाही. जायफळ झोप आणते अशी आपल्याकडची जुनी समजूत आहे. झोप उडवणारे आणि झोप आणणारे एकाच कपात घालण्याची ही बुद्धी आपल्या पूर्वजांना कशी झाली, याचे उत्तर मात्र मला अद्याप सापडलेले नाही.

व्याख्यानानंतर संयोजकांनी चहा ठेवला आहे असे कळते. तो मी आनंदाने घेईन.