विचारायला पैसे पडतात का?



शाळेत एखादा मुलगा गप्प बसला की आम्ही त्याला म्हणत असू, "अरे, विचार की! विचारायला काय पैसे पडतात?" पण विचारायलाही पैसे पडत होते, असा एक देश आहे. त्याची हकीकत आज सांगतो.

देश ब्रिटन. तिथे काम सुटलेल्यांना, अपंगांना, म्हाताऱ्यांना सरकार मदत देते. मदत अडली की सरकारी कचेरीला फोन लावायचा. यातल्या बऱ्याच नंबरांची सुरुवात ०८४५ अशी असे. हे नंबर साध्या नंबरापेक्षा महाग. मोबाईलवरून मिनिटाला ४१ पेन्सपर्यंत पडत. १०० पेन्स म्हणजे एक पौंड. बरे, फोन लागला तरी माणूस लगेच बोलेल तर ना! गाणे ऐकत थांबायचे, आणि तिकडे पैसे तुटत राहायचे. म्हणजे ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्यानेच वाट पाहण्याचे दाम मोजायचे.

२०१३ साली तिथल्या सरकारी हिशेब तपासनिसांनी अंदाज काढला. २०१२-१३ या एका वर्षात लोकांचे ५ कोटी ६० लाख पौंड अशा महाग फोनांत गेले होते. मग बोभाटा झाला. कचेऱ्यांनी नंबर बदलले. ०३ ने सुरू होणारे नंबर घेतले. त्यांना साध्या फोनाइतकाच दर.

तरी गरिबाचे दुखणे सरले नाही. जो थोडे थोडे पैसे भरून मोबाईल चालवी, त्याला याही नंबरावर मिनिटाला ५५ पेन्सपर्यंत पडत. २०१७ साली पार्लमेंटात यावर गदारोळ झाला. तेव्हा सरकारने मदतीचे हे फोन फुकट केले.

आता आपल्याकडे पाहू. नंबराचे पहिले चार आकडे नीट वाचा. १८०० असेल तर फोन फुकट. त्याचा खर्च ज्याचा नंबर, तो सोसतो. १८६० असेल तर खर्च आपल्या माथी. दोन्हींत फरक एका आकड्याचा. न वाचणाऱ्याला तो कसा कळावा?

शेतीची अडचण असेल तर किसान कॉल सेंटरला विचारा. नंबर १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत. मराठीत बोला. पिकावर कीड पडली, पान पिवळे पडले, काय वाटेल ते विचारा. संकटात पोलिसांची मदत हवी तर ११२ लावा.

हे नंबर घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका, स्वतःच्या हाताने लिहा. आता तुम्हाला आकडे येतात.

आणि लाजू नका. विचारणे म्हणजे भीक मागणे नव्हे. सरकार आपले आहे, विचारायचा हक्कही आपलाच आहे.

राम राम.