पंतप्रधान कुठला असावा?

उम्म अल कुवैनमध्ये राहून आपण दोन देशांचं राजकारण बोलतो, पण इथला पंतप्रधान कसा ठरतो हे मुलांनी विचारलं की गडबडतो. घटनेप्रमाणे सर्वोच्च परिषदेच्या संमतीने राष्ट्राध्यक्ष त्याची नेमणूक करतात. तो अमुक अमिरातीचाच हवा, असं कलम नाही. तरी १९७१ पासून हे पद दुबईच्या मक्तूम घराण्यातच आहे.

नवल वाटायला नको. ‘पंतप्रधान’ म्हणजे आपले पेशवे! शिवाजी महाराजांनी प्रधानपदं वंशपरंपरागत ठेवली नव्हती. शाहू महाराजांनी १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना नेमलं, १७२० मध्ये बाजीरावांना, आणि वहिवाट पडली ती थेट १८१८ पर्यंत. इथे गंमत उलटी: १९७९ मध्ये शेख मक्तूम उतरले आणि त्यांचे वडील शेख रशीद पंतप्रधान झाले!

माझ्या मते छोट्या अमिरातीचं खरं बळ सर्वोच्च परिषदेत आहे. तिथे उम्म अल कुवैनला एक मत, अबू धाबीलाही एकच. अर्थात महत्त्वाच्या निर्णयाला सातांपैकी पाच मतं लागतात, आणि त्या पाचांत अबू धाबी नि दुबई असावीच लागतात.