निष्ठेचें मोल

अमेरिकेंत शनिवारीं विद्यापीठांच्या फुटबॉल-सामन्यांस लोटणारी गर्दी केवळ खेळाच्या आवडीनें येत नाहीं. गांवाचा व विद्यापीठाचा अभिमान तिला तेथें आणतो. कोवळ्या वयांत आलेला खेळाडू चार वर्षांत डोळ्यांदेखत तयार होतांना पाहावा, हा त्या प्रेक्षकांचा जुना आनंद होय.

२०१८ सालीं ‘ट्रान्स्फर पोर्टल’ नांवाची नोंदवही सुरू झाली. तींत नांव घालून खेळाडूस दुसऱ्या विद्यापीठाची वाट धरतां येते. पूर्वीं अशा फुटबॉलपटूस बहुधा एक वर्ष सामन्यांबाहेर बसावें लागे. २०२१ मध्यें ही अट एका बदलापुरती सैल झाली. २०२४ मध्यें अभ्यासाचे नियम पाळणाऱ्यांस ती उरलीच नाहीं. जुलै २०२१ पासून खेळाडूस स्वतःच्या नांवलौकिकावर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली. पुढें न्यायालयानें मंजूर केलेल्या तडजोडीनें १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांस त्याला थेट मोबदला देण्याची वाट खुली झाली. पहिल्या वर्षीं प्रत्येक विद्यापीठास सुमारें २ कोटी ५ लक्ष डॉलरांची मर्यादा होती.

गतवर्षीं ज्याचा जयघोष केला, तोच यंदा प्रतिपक्षाच्या पोशाखांत पाहून प्रेक्षक हळहळतो. ही हळहळ खरी आहे. तथापि श्रोत्यांनीं हेंहि ध्यानांत घ्यावें कीं, नामांकित प्रशिक्षक पूर्वींपासूनच लक्षावधि डॉलर वेतन घेत व अधिक मोल मिळतांच विद्यापीठ बदलीत. निष्ठेचें बंधन काय तें विद्यार्थ्यावरच होतें.

जुनें प्रेम निर्मळ भासे, कारण त्याची किंमत दुसराच मोजीत होता. यापुढें खेळाडूची ओळख कदाचित् एकाच हंगामाची राहील. तेवढ्या ओळखीवरहि ज्याचा जयघोष ओसरणार नाहीं, त्याचीच निष्ठा खरी.